नीलक्काचा माफीनामा

सोलापूर, अक्कलकोट रोड
२१ जानेवारी २०२५

प्रिय महबूब पंडित,

पत्र बघून हसू नकोस. माझा फोन पोलिसांकडे आहे, तुझा नंबर त्या फोनात आहे, आणि माझ्या डोक्यात फक्त तुझा बार्शीचा पत्ता आहे. वीस वर्षं दिवाळीचा डबा त्याच पत्त्यावर पाठवते की. तेव्हा वाच.

डिसेंबरात मला एका माणसाचा फोन आला. कुठल्याशा वेदपाठशाळेच्या वसतिगृहाचा व्यवस्थापक म्हणाला, नाव आचार्य विद्यानंद. मुलांसाठी एकशेवीस कुडते हवेत, पांढरे, बिनकॉलरचे. बोलणं काय सांगू, अगदी तुझ्यासारखं. मध्येच एक श्लोक, मग त्याचा अर्थ, मग बारीकसा विनोद. मला वाटलं, आपल्या गल्लीतला महबूब बार्शीत मुलांना संस्कृत शिकवतो तसा हा तिकडे कुठं शिकवत असेल. शाळांचे गणवेश शिवण्यात माझी तीस वर्षं गेली, पण इतक्या अदबीने बोलणारं गिऱ्हाईक बघितलं नव्हतं.

कुरियरने चेक आला. ठरल्यापेक्षा सव्वा लाखाने जास्त. पाठोपाठ फोन. "ताई, आमच्या कारकुनाने कुडत्यांचे आणि धोतरांचे पैसे एकाच चेकवर लिहिले. वरचे धोतरवाल्याला पाठवाल का? उपकार होतील." मी घाई केली नाही रे. चेक वटू दिला. खात्यात पैसे दिसल्यावरच वरचे पाठवले. कापड आणलं, एकशेवीस कुडते कापले, मशीनवर घेतले.

सहाव्या दिवशी खातं बंद! चेक नकली होता. नागपूरकडच्या कुठल्या ट्रस्टच्या खऱ्या चेकची हुबेहूब नक्कल. ट्रस्टने तक्रार केली, पोलिसांनी पैसे कुणाच्या खात्यात गेले ते बघितलं. माझ्या. म्हणजे चोर मी. आचार्याचा नंबर जेऊरच्या कुणा मेलेल्या माणसाच्या नावावर निघाला. व्हॉट्सॲपवर पहिल्याच दिवशी त्याने कसलीशी कळ दाबून ठेवली होती, रोजचे मेसेज रोज आपोआप पुसले जायचे. आता माझ्याकडे त्याचं काही म्हणता काही नाही.

बँकेत गेले तर ज्या मुलीला मी मागच्या महिन्यात गड्ड्याच्या यात्रेसाठी परकर शिवून दिला, ती मान वर करेना. मशीनवरच्या आठ बायकांचा शनिवारचा पगार त्याच खात्यात अडकलाय. सावित्रम्मा म्हणाली, "अक्का, थांबतो की आम्ही." पण थांबतो म्हणताना ती चप्पल शोधत होती.

तुला शब्दांचं कळतं. काय करू ते लिही.

नीलम्मा


बार्शी
२४ जानेवारी २०२५

नीलक्का,

नमस्कार, आणि ज्या शिव्या शिक्षकाने कागदावर लिहू नयेत त्या मनात देऊन झाल्यावर हे लिहितो आहे.

माणूस चोर निघाला याचं मला फारसं दुःख नाही. चोरी हा प्राचीन व्यवसाय आहे, त्याला परंपरा आहे. पण श्लोक म्हणून चोरी? देवळातल्या घंटेच्या दोरीला कुणी नाक पुसावं, आणि आपण ती दोरी ओढून मग हात बघावा, तसं झालं मला. तुझं पत्र वाचून उठलो आणि खरोखर हात धुतले.

आता कामाचं. आमच्या संस्कृतात अजाकृपाणीय नावाचा एक न्याय, म्हणजे दाखला आहे. शेळीची मान खाजते, ती खांबाला मान घासते, आणि खांबाला टांगलेली तलवार नेमकी तिच्याच मानेवर पडते. कुणी मारली नाही. मान शेळीने पुरवली. तू ती शेळी होऊ नकोस. तुमच्या घरची रीत मला पाठ आहे. भांडण मिटवायचं तर आधी 'चुकलं माझं' म्हणून मोकळं व्हायचं, चूक कुणाची का असेना. माझ्या चेंडूने तुमची काच फुटली तेव्हा तू माझ्या अम्मीला येऊन सांगितलंस, "चुकलं आमचं चाची, खिडकी उघडी राहिली." त्या दिवशी मला मार मिळाला नाही, म्हणून मी ती रीत थोर मानत आलो. पण या प्रकरणात तो शब्द तोंडातून काढू नकोस. कागदावर तर मुळीच नको.

आणि जिल्हा न्यायालयात जा. तिथे विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. बाईला तिथे सरकारी खर्चाने वकील मिळतो, मिळकत कितीही असो. तो हक्क आहे, उपकार नव्हे, तेव्हा लाजत उंबऱ्यावर उभी राहू नकोस. आरजू नावाची वकील विचार. माझी विद्यार्थिनी. संस्कृतात पस्तीस गुण, त्यातलेही सहा माझ्या दयेचे. पण कायद्यात ती हुशार आहे असं माझे शत्रूसुद्धा सांगतात.

पोलीस बोलावतील तर लेखी नोटीस माग. एकटी जाऊ नकोस. कोऱ्या कागदावर सही करू नकोस. आणि जेव. गोदाकाठच्या पाठशाळेचं नाव सांगत फिरणाऱ्या एका भामट्यासाठी तू उपाशी राहावंस एवढी त्याची लायकी नाही.

महबूब


सोलापूर
३० जानेवारी २०२५

महबूब,

आधी एक सांगून टाकते. मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. लाज वाटली.

खातं बंद झालं त्याच दिवशी मॅनेजरने मला आत बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "ताई, चूक झाली म्हणून दोन ओळी लिहून द्या. वर पाठवतो, दोन दिवसांत खातं उघडू." इतकं गोड बोलला रे. माणसाने पाणी दिल्यावर नाही कसं म्हणायचं? मी लिहिलं. "माझ्याकडून चूक झाली. सर्व पैसे भरून देते." खाली सही. तुझी शेळी तुझं पत्र यायच्या आठ दिवस आधीच मान घासून आली होती.

आरजू भेटली. बारकी आहे, आवाज मोठा. म्हणाली, "अक्का, सरांनी पाठवलं? मग फी म्हणून सर मला वर्गात काय काय म्हणायचे ते कुणाला सांगायचं नाही." तिच्यासोबत पोलीस स्टेशनला गेले. हवालदार बिरुदेव म्हणून आहे, मोडनिंबकडचा. बसल्याबरोबर सुरू झाला.

"बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. सव्वा लाख कुणी उगंच जादा देतंय व्हय? आन तुमी ते उगंच दुसऱ्याला पाठिवता?"

आरजूने विचारलं, "साहेब, अक्कांना नोटीस कुठाय?"

"नोटीस कशाला? फोनवर सांगितलं की."

"कुठल्या फोनवर? त्यांचा फोन तर तुमच्या कपाटात आहे."

पलीकडच्या टेबलावरचा माणूस खोकल्यासारखं हसला. मग बिरुदेवने नोटीस टाईप केली, फोन घेतल्याच्या पंचनाम्याची प्रतही दिली. जबाब लिहून झाल्यावर म्हणाला, हितं सही करा. आरजू म्हणाली, पोलिसांपुढच्या जबाबावर सही घ्यायची नसते. तो म्हणाला, "आमी समद्यांची घेतो." ती म्हणाली, "तेच तर." माझी सही राहिली.

मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात त्याने फाईलमधून बँकेतला माझा कागद काढला.

आरजूचं तोंड उतरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. बाहेर चहाच्या टपरीवर म्हणाली, "अक्का, पोलिसाला दिलेली कबुली कोर्टात तुमच्याविरुद्ध चालत नाही. पण हे तुम्ही बँकेला लिहून दिलंय. हे चालतं." कापड दाखवलं, बिल दाखवलं, तर बिरुदेव म्हणतो, "देखाव्याला कापलं आसंल." आरजूचं म्हणणं एकच. तो आचार्य खरंच होता, त्याने खरंच कुडते मागितले, हे स्वतःच्या कानाने ऐकलेलं दुसरं कुणी हवं. एक जरी माणूस मिळाला तरी त्या दोन ओळींचा अर्थ बदलतो. नाहीतर आरोपपत्रात मी.

माझ्या बायकांपैकी कुणी ऐकलेलं नाही. त्याचे फोन मी जिन्यात जाऊन घ्यायचे, मशीनच्या आवाजात श्लोक ऐकू यायचे नाहीत म्हणून.

आता एक विचारते. मी तुला वेदपाठशाळा एवढंच लिहिलं होतं. कुठली ते लिहिलं नव्हतं. माझी पत्रं मी आधी कच्ची लिहिते, वही समोर आहे. गोदाकाठ तुला कुठून कळला?

नीलम्मा


(पोस्टकार्ड)
सोलापूर, ८ फेब्रुवारी २०२५

महबूब, उत्तर नाही. दोन बायका दुसरीकडे कामाला गेल्या. सावित्रम्मा अजून आहे. १७ तारखेला खातं उघडण्याच्या अर्जावर कोर्टात सुनावणी. आरजू म्हणाली, सरांना मी विचारू का? मी म्हटलं नको, मी विचारलंय. नी.


बार्शी
११ फेब्रुवारी २०२५

नीलक्का,

गेल्या नऊ दिवसांत मी तुला सात पत्रं लिहिली. सातही सुरेख होती. त्यांत दृष्टान्त होते, उपमा होत्या, वळणदार अक्षर होतं, आणि खरं वाक्य एकही नव्हतं. फाडली. हे आठवं. यात सजावट सापडली तर मला सांग, मीही शोधतोय.

आचार्य आधी माझ्याकडे आला.

नोव्हेंबरात शाळेत फोन आला. गोदाकाठच्या पाठशाळेतून बोलतो, तुमच्या वर्गाची कीर्ती ऐकली आहे. नीलक्का, अठ्ठावीस वर्षं मी संस्कृत शिकवतोय, कीर्ती ऐकल्याचं सांगायला आलेला हा पहिलाच माणूस. त्यातच मी काय ते ओळखायला हवं होतं. तो अर्धा तास बोलला. एकही उच्चार घसरला नाही. जाता जाता म्हणाला, मुलांच्या कुडत्यांसाठी कुणी प्रामाणिक शिवणारं सुचवा. मी तुझा नंबर दिला. आणि तुला कुणाच्या शिफारशीने काम मिळालेलं आवडत नाही, तू त्याचं ओझं बाळगतेस, म्हणून मीच त्याला सांगितलं, माझं नाव घेऊ नका. चोराला याहून मोठं दान आजवर कुणी दिलं नसेल. त्याने ते कसोशीने पाळलं.

दुसऱ्या दिवशी त्याने आभाराचा आवाजी निरोप पाठवला. दोन मिनिटांचा. आधी श्लोक. मग, "नीलम्माताईंशी बोलतो. एकशेवीस कुडत्यांचं काम आहे, चेक दिला तर चालेल ना त्यांना?" माझ्या फोनवर पुसण्याची कळ त्याने दाबली नव्हती. माझी त्याला भीती वाटली नसावी. तो निरोप माझ्याकडे आहे. मी जपून ठेवला होता. का, ते ऐक. मी तो नववीच्या वर्गाला ऐकवला. म्हटलं, "ऐका, वाणी कशी असावी." चाळीस मुलांनी डोळे मिटून चोर ऐकला, आणि मी टेबलाशी उभा राहून मान डोलावली.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला कळलं. मी हात धुतले असं लिहिलं, ते खरं आहे. कशाने बरबटले होते ते लिहिलं नाही.

कारणं सांगतो. ती कारणं आहेत, सबबी नव्हेत असं मला म्हणायचं होतं, पण त्यांचा वास सारखाच येतो. जूनमध्ये मुख्याध्यापकाची जागा रिकामी होते, संस्थेने माझं नाव जवळजवळ ठरवलं आहे. पोलिसांच्या कागदावर महबूब हे नाव आलं की लोक वाक्य शेवटपर्यंत वाचत नाहीत, हे तुला सांगायला नको. आणि सगळ्यात क्षुद्र कारण सगळ्यात मोठं होतं. पंडिताला श्लोक म्हणून फसवला, यावर बार्शीचं अख्खं मार्केट यार्ड वर्षभर हसेल, याची मला भीती वाटली. तू आरोपपत्राच्या दारात आणि मी हसण्याला घाबरतोय. माझं बोट तो निरोप पुसायला दोनदा गेलं. दोनदा. मला त्या भामट्याची किळस आली होती. तो निदान आपला धंदा करत होता. मी तुझा शेजारी होतो, आणि तुला 'कागदावर शब्द टाकू नकोस' असा उपदेश करत होतो, कारण माझा शब्द कागदावर यायला नको होता.

काल आरजूला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, फोन घेऊन या. निरोप त्याच फोनमधला आहे असं प्रमाणपत्र सोबत जोडावं लागतं, ते मी करून घेते." मी म्हटलं, जबाबात पहिल्यांदा लिहितो, चूक माझी. तर ओरडली, "सर, एक माफीनामा निस्तरतेय मी! दुसरा नको. काय झालं तेवढं सांगा." पस्तीस देणाऱ्याला काल तिने शून्य दिलं, आणि तपासणी अचूक होती.

म्हणून जबाबात नाही, इथे लिहितो. तुझ्याशिवाय कुणाच्या फाईलला लागणार नाही अशा जागी. चूक माझी. हे दोन शब्द तू जन्मभर वाटत फिरलीस, काचेसाठी, काजांसाठी, दुसऱ्यांच्या खिडक्यांसाठी. मला ते बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा लिहायला लागले, आणि वरची पानभर कारणं खर्चल्याशिवाय ते आले नाहीत.

उद्या सकाळच्या सातच्या एसटीने निघतो. थेट पोलीस स्टेशनला जाईन. तुझ्याकडे येणार नाही. तू चहा देशील, आणि चहा घेतला की मला बरं वाटेल. ते नको. हे पत्र त्याच एसटीच्या कंडक्टरकडून तुझ्या दुकानी येईल.

महबूब


सोलापूर
१४ मार्च २०२५

महबूब,

महिनाभर लिहिलं नाही. राग होता. अजून आहे, पण आता लिहिता येतं.

तू आलास त्याच दिवशी बिरुदेवने तो निरोप दोनदा ऐकला म्हणे. आरजूने सांगितलं. पहिल्यांदा हसला. दुसऱ्यांदा म्हणाला, "आयला, ह्यो तर आमच्या गावातल्या कीर्तनकारापरीस ग्वाड बोलतुया." मग तुला विचारलं, सर, तुमी एवढे शिकलेले, तुमाला पण? तू मान खाली घालून हो म्हणालास, हेही आरजूने सांगितलं. तुझे नववीचे दोघे बापांसोबत येऊन जबाब देऊन गेले. मुलांना आवाज पक्का आठवत होता. तू पाठ करून घेतला असशील वर्गात.

सुनावणी पुढे ढकलली होती, परवा झाली. न्यायाधीशांनी आदेश दिला, चेकच्या वादातली रक्कम तेवढी अडकवून ठेवा, बाकीचं खातं उघडा. पोलिसांनी मला आता साक्षीदार केलंय. आचार्य सापडला नाही. सापडेल असं कुणाला वाटतही नाही. गेलेले सव्वा लाख आणि एकशेवीस कुडत्यांचं कापड, दोन्हीला कोर्टात काही उत्तर नव्हतं.

काल बँकेत गेले. मॅनेजरने परत खुर्ची दिली, परत पाणी मागवलं. एक छापील कागद पुढे केला. "माझी बँकेविरुद्ध कोणतीही तक्रार नाही." म्हणाला, "अक्का, फॉर्मॅलिटी आहे. झालं गेलं. आमचंही चुकलं असेल थोडं."

मी म्हटलं, "मग ते लिहून द्या की. दोन ओळी."

तो हसला. मी हसले नाही. मी म्हटलं, "मला तुम्ही याच खुर्चीत बसवून दोन ओळी लिहून घेतल्या. खातं दोन दिवसांत उघडतो म्हणालात. त्या ओळी माझ्या फाईलमधून आता कधी निघणार नाहीत. तुमच्या दोन ओळी द्या, मग मी सही करते."

"ताई, असं लेखी देता येत नाही आम्हाला."

"का?"

"उद्या आमच्यावर येईल ना."

बघ, किती साधं माहीत होतं त्याला. पहिल्या दिवशीही माहीत होतं. पाण्याचा ग्लास मी बाजूला सरकवला. खरं सांगते, सवयीने शब्द जिभेवर आला होता, जाऊ द्या साहेब, माझंच चुकलं. मी पेनाला टोपण लावलं. कोर्टाचा आदेश टेबलावर ठेवला आणि पाणी न पिता बसून राहिले. चाळीस मिनिटं. खातं उघडलं. सही त्यांना मिळाली नाही. सावित्रम्माचा आणि सगळ्यांचा पगार मी बँकेच्या पायरीवर मोजला, त्या बाहेरच उभ्या होत्या.

आता तुझं. मुख्याध्यापक दुसऱ्याला केलं म्हणे. तू मला लिहिलं नाहीस, मी आरजूकडून काढून घेतलं. त्याचं वाईट वाटलं. पण म्हणून हिशोब फिटला असं समजू नकोस. तू सतरा दिवस गप्प होतास. त्यातली एकेक रात्र मी त्या दोन ओळी मनात वाचल्यात.

आमच्या घरची आणखी एक रीत तुला माहीत आहे. समोरचा चुकलं म्हणाला की लगेच जाऊ दे म्हणायचं. ती रीतही मी बंद केली. तेव्हा जाऊ दे वगैरे ऐकायला मिळणार नाही.

मोडनिंबच्या एका कापड दुकानदाराने निम्मे कुडते घेतो म्हटलंय, पण काजं झालेले हवेत. ज्या दोघी दुसरीकडे गेल्या त्यांचंच ते काम होतं. रविवारी ये. कुडत्याला चार काजं, हाताने करायची, एकेक टाका जवळ जवळ. सुरुवातीला बोटं सोलतात. शिकवते मी. बोलायचं नाही, श्लोक तर बिलकुल नाही.

चहा चारला मिळेल. तोवर तुझी किती काजं उसवावी लागतात ते बघते, मग पुढचं ठरवू.

नीलम्मा